ओंडक्यांचं घर: आधी छप्पर, मग एक पावसाळा, मग भिंत

आमचं घर बघायला येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवरून हात फिरवतो. साहजिक आहे. गोल, अर्धगोल, तिकोनी लाकडांची तोंडं, मधे चुन्याचा करडा माल, आणि सकाळचं ऊन तिरपं पडलं की प्रत्येक कांडक्याची वर्षवलयं मोजता येतात. मग प्रश्न येतो, "ही भिंत रचली कशी?" मी त्यांना आधी बाहेर नेते, वळचणीखाली उभं करते आणि जोतं दाखवते. पुणे जिल्ह्यात असं घर टिकणार की कुजणार, हे जोतं आणि वळचण ठरवतात. भिंत त्यानंतरची गोष्ट.

सासवडच्या पुढे, आमच्या घरच्या शेतात आम्ही दोघांनी हे बांधलं. पुण्यातली नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार आणि साठवलेल्या रजा घालून. गवंडी आणि सुतार लागले, पण भिंती आम्ही स्वतः रचल्या. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सगळा क्रम लिहिते आहे.

आधी हा प्रकार काय ते. या पद्धतीचं नाव कॉर्डवुड, म्हणजे जळणाच्या मापाचं लाकूड. अमेरिकेत जळण 'कॉर्ड'मध्ये मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. त्या जळणाचे आखूड तुकडे भिंतीत आडवे घालायचे, तोंडं आत आणि बाहेर. प्रत्येक कांडकं भिंतीच्या जाडीइतकं लांब. दोन्ही कडांना मालाचा पट्टा आणि मधल्या पोकळीत उष्णता अडवणारं भरण. विस्कॉन्सिन, क्वेबेक, स्वीडन अशा थंड मुलखांत या पद्धतीच्या शंभर वर्षांहून जुन्या इमारती उभ्या आहेत. तिथली अडचण थंडीची, आपली पाऊस आणि वाळवीची. त्यामुळे तिथली पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. आपल्याकडे या भिंतीचा फायदा वेगळा आहे: एप्रिल-मेच्या उन्हात खोली उशिरा तापते, टाकाऊ लाकूड कामी येतं आणि नवशिक्या हातांना जमण्यासारखं काम असतं.

कुठे बांधावं, कुठे बांधू नये

पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या वर. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या बाजूला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे, म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ताम्हिणीच्या बाजूला, मुळशी धरणाच्या मागे, पानशेतच्या वर जमीन असेल तर बाहेरच्या भिंती ओंडक्यांच्या करू नका. तिथे दगडाचं घर बांधा आणि हौस असेल तर आतली एखादी आडभिंत ओंडक्यांची करा. जिथे चार महिने धुकं आणि पाऊस हलत नाहीत तिथे लाकडाचं उघडं तोंड वाळायला सवडच मिळत नाही. पुरंदर, शिरूर, खेडचा पूर्वेकडचा भाग, भोरचा खालचा भाग इथे जमतं.

परवानगीचं काम आधी करा. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शेतघरासाठी साधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकराएवढी जमीन लागते आणि बांधकामाच्या क्षेत्रफळाला मर्यादा असते. गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे की नाही हे तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत विचारून घ्या, कारण नकाशा कुठे मंजूर करायचा ते त्यावर ठरतं. नकाशावर चौकट लाकडी, भिंत भरावाची असं लिहा. भिंतीवर भार नाही हे अभियंत्याला कळलं की त्याचे निम्मे प्रश्न मिटतात.

लाकूड: कुठून आणायचं

इथे घाई केली की पुढे सगळं चुकतं. शेताच्या बांधावर बाभूळ आहे, निलगिरी आहे, तीच तोडून वापरू, असा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. निलगिरीचं लाकूड पिळाचं असतं; वाळताना खूप आक्रसतं, चिरतं. बाभूळ घट्ट आणि जड. असं घट्ट लाकूड पावसाळ्यात फुगलं की मालाला तडे पाडतं. सुबाभूळ सहज मिळतं, पण त्याला पूड पाडणारा भुंगा लवकर लागतो. आंबा कुजतो. शिवाय महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, खैर, हिरडा, मोह, ऐन अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर घरासाठी उभं झाड तोडण्याची गरजच नाही.

आम्हाला सगळ्यात चांगलं लाकूड मिळालं चाकणच्या भंगारात. तिथल्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून येतात. खोक्यांच्या तळाला तीन-चार इंच जाडीचे चौकोनी दांडे असतात, तेच आपल्याला हवेत. पाइन हलकं, आधीच वाळलेलं आणि हवेप्रमाणे कमी हलणारं. या भिंतीला हेच गुण लागतात. घेताना प्रत्येक दांड्यावरचा शिक्का बघा. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि शेजारी एचटी अशी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते राहत्या घरात नको. तेलाचे, रसायनांचे डाग पडलेलं लाकूडही बाजूला काढा.

दुसरी जागा म्हणजे भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. चौकटी कापून उरलेले सागाचे तुकडे वखारींत जळणाच्या भावाने निघतात. तिसरी, उतरवलेल्या जुन्या घरांचे वासे. ते तासून घ्यायला लागतात आणि करवत लावण्याआधी एकेक खिळा शोधून काढावा लागतो. कुठूनही घेतलं तरी पावती जपून ठेवा, वाटेत गाडी अडवली तर दाखवायला लागते.

किती लागेल? आमचं घर बाहेरून १८ बाय २२ फूट. घेर ८० फूट, लाकडी भिंतीची उंची ७ फूट, म्हणजे ५६० चौरस फूट. दारं-खिडक्या आणि खांब वजा केले की उरतात साधारण ४१०. भिंत एक फूट जाड, म्हणजे ४१० घनफूट. त्यातलं साठ टक्के लाकूड आणि चाळीस टक्के माल आणि भरण. रचलेल्या राशीत फटी असतात, काही कांडकी टाकून द्यावी लागतात, म्हणून मी साडेचार ब्रासची रास धरली होती (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). शेवटी टोपलीभर उरलं.

कापणं, सोलणं, वाळवणं

ओलं लाकूड घेतलं असेल तर साल त्याच आठवड्यात काढा. ओल्यात ती चादरीसारखी सुटते, वाळल्यावर कुऱ्हाडीनेही निघत नाही, आणि किडा सालीखालीच घर करतो. मग लगेच बरोबर १२ इंचांचे तुकडे करा. करवतीला ठोकळा लावून माप पक्कं करून घ्या, नाहीतर भिंत एका बाजूने वेडीवाकडी दिसते. लांब ओंडका वाळवून मग कापायचा हा उलटा क्रम. लाकडातलं पाणी मुख्यतः तोंडातून जातं, म्हणून आखूड तुकडा कितीतरी लवकर वाळतो. सहा इंचांपेक्षा जाड गोल ओंडके फोडून अर्धे किंवा चार भाग करा. न फोडलेला मोठा ओंडका स्वतःच चिरतो आणि त्या चिरेतून वारा, मुंग्या, पाणी सगळं आत येतं.

रास एकेरी ओळीत, दगडांवर, जमिनीपासून वीतभर उंच. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने गुंडाळलेलं लाकूड आतल्या आत घामेजतं आणि बुरशी धरतं.

वाळलं हे ओळखायचं कसं? पाच कांडक्यांवर आकडे टाका आणि दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग तीन वेळा वजन जागचं हललं नाही, की वाळलं. पॅकिंगच्या पाइनला हे काही आठवड्यांत होतं. ताज्या तोडलेल्या लाकडाला किमान एक पूर्ण वर्ष, घट्ट जातीला दोन उन्हाळे. आम्ही एका वखारीतून 'दोन वर्षं पडून आहे' असं सांगून दिलेलं सुबाभूळ घेतलं आणि वजन न करता उत्तरेच्या एका खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या भिंतीत, वापरलं. पुढच्या मार्चमध्ये त्या खणातल्या प्रत्येक कांडक्याभोवती पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी फट पडली. संध्याकाळी आत दिवा लावला की बाहेरून ती भिंत चाळणीसारखी दिसायची. तो खण दुरुस्त करायला आम्हाला जेवढे दिवस लागले तेवढे रचायलाही लागले नव्हते.

कीड आणि वाळवीसाठी बोरॅक्स. १०० लिटर गरम पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवा. कापलेली, सोललेली कांडकी दोनशे लिटरच्या पिंपात रात्रभर बुडवा, वर दगड ठेवा, नाहीतर ती तरंगतात. मग पुन्हा तीन-चार आठवडे सावलीत वाळवा. हातमोजे घाला. पिंपाला झाकण ठेवा, गुरं तोंड घालतात. उरलेलं पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका, बोरॉन जास्त झालं की झाड जळतं. आणि एक गोष्ट विसरू नका: हे मीठ पावसाने धुऊन निघतं. म्हणजे पुन्हा वळचणीपाशीच येतो.

पाया आणि जोतं

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया घालायचा नाही. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदा. आमच्याकडे साडेतीन फुटांवर मुरूम लागला. तिथून काळ्या दगडाचं, डबर घालून बांधकाम वर आणलं.

जोतं जमिनीपासून अडीच फूट. दोन फुटांपेक्षा कमी करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आमचे गवंडीमामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, भिंत काय कशीबी उभी ऱ्हाईल. पागोळीचं पाणी पडून उडतं कुठवर, त्ये बगा आदी." तेव्हा मला ते कामाचं बोलणं वाटलं, त्याचं खरं वजन पावसाळ्यात कळलं.

जोत्याच्या माथ्यावर, भिंतीखाली, सगळीकडे जस्ताचा पत्रा घाला. बाहेरच्या बाजूला दोन इंच पुढे येऊ द्या आणि कड खाली वाकवा. जोडांवर पत्रा पत्र्यावर चढवून डांबर भरा. ओल वर चढत नाही, आणि वाळवीला वर जायचं तर या पत्र्याला वळसा घालून उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते. ती आपल्याला दिसते. अशी वाट उघडी पाडणं हाच वाळवीवरचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. जोत्याला लागून दीड-दोन फूट खडीचा पट्टा ठेवा. तिथे ना फुलझाडं, ना सरपणाची रास.

न्हाणीघर आणि मोरी ओंडक्यांत करू नका. ते विटांत, घराला खेटून पण वेगळं बांधा.

चौकट आणि छप्पर

पुण्याच्या वाड्यांनी हे तंत्र आपल्याला आधीच शिकवून ठेवलं आहे: भार खांब आणि तुळयांवर, भिंत नुसती खणात भरलेली. शनिवारवाड्याचं काम १७३० मध्ये सुरू झालं तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणला, असं सांगतात. १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं. उरले ते दगडी जोतं आणि तट. लाकडाच्या घरात राहणाऱ्याने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आमच्या घराला दहा खांब आहेत. लांब बाजूला तीन खण, आखूड बाजूला दोन. जुन्या घराचे आठ इंची सागाचे खांब मिळाले. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर, मधे बारा मिलिमीटरची लोखंडी सळई दोन्हीकडे रुतवलेली. खांब जमिनीत पुरायचा नाही. कोपऱ्यांत तिरके आधार कायमचे ठोका. १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आपल्यात आहेत. चौकट आडवी हलली तर धरायला काहीतरी हवं, ते काम भिंतीवर सोडू नका. त्यात आपण छप्पर आधी घालणार, म्हणजे मे महिन्यातल्या वळवाचा वारा मोकळ्या खणांतून शिरून छपराला खालून उचलणार. कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने वाशांना बांधा.

मंगलोरी कौलं, उतार तीस अंशांचा. छपराच्या ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास कौलं लागतात. वळचण सगळीकडे निदान तीन फूट बाहेर काढा. वासे त्या हिशोबाने आधीच लांब घ्या, नंतर जोडलेली वळचण लवकर झुकते.

तो एक पावसाळा

आता थांबायचं. हे लोकांना सगळ्यात जड जातं. छप्पर झालेलं असतं, लाकूड तयार असतं, हात शिवशिवत असतात, आणि मी सांगते की जून ते सप्टेंबर भिंतीचं एकही कांडकं लावू नका.

याला दोन कारणं आहेत. पहिलं लाकडाचं. लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल धरून फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. मे महिन्यात कोरडंठाक लाकूड रचलं तर पावसाळ्यात फुगून मालाला तडे देतं. ऑगस्टमध्ये रचलं तर एप्रिलमध्ये फटी पडतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते मधल्या अवस्थेत असतं, तेव्हाच रचायचं. दुसरं कारण, तुमच्या जागेवर पाऊस नेमका कुठून आणि किती आत येतो हे कागदावर कळत नाही.

आम्ही जुन्या पांढऱ्या चादरी आणल्या आणि प्रत्येक खणात, जिथे भिंत येणार त्या रेषेवर, खांबाला खांब अशा ताणून बांधल्या. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर बघायला गेलो. पूर्वेच्या चादरी कोरड्या होत्या. उत्तरेची खालून चार बोटं मातीच्या शिंतोड्यांनी तांबूस झालेली. नैऋत्येच्या कोपऱ्यातली मात्र कमरेपर्यंत भिजून खांबाला चिकटली होती, तीन फुटांची वळचण असूनही. जुलैअखेर तिच्यावर हिरवट छटा धरली. त्या चादरीच्या जागी पाइनची भिंत असती तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आधी आम्ही पश्चिमेला पूर्ण लांबीची आठ फुटी पडवी काढली आणि त्या बाजूला लाकडाच्या खाली आणखी फूटभर दगड चढवला. एका पावसाळ्याच्या मुक्कामाने घराचा नकाशा बदलला, आणि तो बदलायला हवाच होता.

त्या चार महिन्यांत खिडक्यांच्या चौकटी करून घ्या, जोत्यावर कोबा करा. कांडकी त्याच छपराखाली, मधल्या जागेत रचून ठेवा.

माल आणि भरण

नेहमीचा सिमेंटचा माल इथे चालत नाही. तो लवकर आवळतो आणि कांडक्याभोवती तडकतो. म्हणून त्यात भिजवलेला लाकडाचा भुसा घालतात. तो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. जुनं, अनेकांनी वापरलेलं प्रमाण असं आहे: ९ घमेली वाळू, ३ घमेली भिजवलेला भुसा, ३ घमेली पिशवीतला विरवलेला चुना, २ घमेली सिमेंट. भुसा पाइनसारख्या मऊ लाकडाचा, करवतीखालचा भरड. पॉलिशकामाची बारीक पूड नको. आदल्या रात्री पिंपात भिजत घाला, सकाळी निथळून घ्या. वाळू म्हणून धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते.

आमच्या ४१० चौरस फुटांना साधारण एक ब्रास वाळू, सिमेंटच्या १६ गोण्या आणि २५ किलोच्या चुन्याच्या १८ पिशव्या लागल्या. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. चष्मा आणि रबरी हातमोजे रोज, कंटाळा आला तरी. कळीचा चुना आणून घरी विरवायचा असेल तर जाणता माणूस सोबत हवा, पाणी पडताच तो उसळून उकळतो.

माल किती घट्ट? मुठीत घेऊन लाडू वळा, तीन फूट वर उडवा आणि झेला. फुटला तर कोरडा, हातावर पसरला तर पातळ. आकार धरून राहिला की बरोबर.

थंड देशांत मधल्या पोकळीत भुसा भरतात. आपल्याकडे तो वाळवीला आमंत्रण. भोर, मावळच्या भात गिरण्यांत तूस मिळतं. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही, कुजतही लवकर नाही. १२ घमेली तुसाला १ घमेलं चुना कोरडाच मिसळा.

भिंत रचणं

खांबांच्या खणाकडच्या अंगाला उभी लाकडी पट्टी ठोका, म्हणजे माल तिला धरेल आणि खणाची भिंत सुटून बाहेर येणार नाही.

जोत्यावर मालाचे दोन पट्टे टाका, प्रत्येक चार इंच रुंद आणि इंचभर जाड. मधल्या चार इंचांत तूस. त्यावर कांडकं ठेवा आणि दोन्ही हातांनी किंचित इकडेतिकडे हलवत दाबा. माल बाजूंनी थोडा वर चढला की ते बसलं. शेजारचं कांडकं इंचभर अंतरावर. लाकडाला लाकूड कुठेही टेकता कामा नये. टेकलं तिथे माल नाही, आणि माल नाही तिथून पाणी येतं. दोन्हीकडचा माल भरा, मग मधे तूस. हा क्रम चुकला तर तूस मालात मिसळतं आणि तो जोड कच्चा राहतो.

मोठी कांडकी एकाच जागी गोळा होऊ देऊ नका. दर अर्ध्या तासाने दहा पावलं मागे जाऊन बघा. उभी सांध एकावर एक आली तर तिथे तडा जाणार, दगडाच्या बांधकामाला जो नियम तोच इथे. हाताशी तीन ढीग ठेवा: मोठी, मध्यम आणि फोडलेल्या ढलप्या. शेवटची बेढब जागा ढलपीच भरते. ओळंबा आणि दोरी सतत लावा. बाहेरच्या बाजूला कांडकं आतल्या बाजूपेक्षा जराही वर नको, नाहीतर पावसाचं पाणी त्याच्यावरून आत उतरतं.

दिवसात दोन-अडीच फुटांपेक्षा उंच चढू नका. आम्हा दोघांचं दिवसाला बारा-पंधरा चौरस फूट काम व्हायचं, आणि त्यातला एक माणूस निम्मा वेळ मालच कालवत असायचा. महिन्याभराचे पूर्ण दिवस धरा. शनिवार-रविवारी केलंत तर दसरा ते होळी सगळा जातो.

रचून दोन-तीन तास झाले की दर्जा, म्हणजे कांडक्यांमधल्या मालाच्या सांधी, दाबून भरायच्या. यासाठी बाजारातलं कुठलंही अवजार नको. स्टीलचा जुना चमचा घ्या, दांडा थोडा वाकवा आणि पाठीकडून माल दाबत कांडक्याभोवती फिरवा. मऊ, थंड मालावर चमच्याची पाठ घासली की बारीक आवाज येतो आणि माल चकाकायला लागतो, तिथे थांबा. माल लाकडाच्या तोंडापेक्षा पाव इंच आत राहिला पाहिजे. हे काम अंधार पडला तरी त्याच दिवशी पुरं करायचं, दुसऱ्या दिवशी माल ऐकत नाही. मग ओलं गोणपाट झाका आणि सात दिवस ओलं ठेवा. गोणपाट भिंतीपासून वीतभर दूर टांगा, लाकडाला चिकटवू नका.

वायरिंग भिंतीत घालू नका, खांबांवरून पाइपातून न्या. पूर्वेच्या खणात बाटल्या घालायच्या असतील तर एकसारख्या जाडीच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून पत्र्याच्या नळीत बसवा, एकूण लांबी १२ इंच. बाकी त्या कांडक्यासारख्याच रचल्या जातात.

नंतरची वर्षं

बाहेरच्या तोंडांना ऑइलपेंट किंवा व्हार्निश लावू नका. लाकूड तोंडाने श्वास घेतं. ती बंद केली की आत शिरलेली ओल तिथेच राहते आणि कूज सुरू होते. बाहेरची तोंडं दोन वर्षांत करडी पडतात, ती तशीच चांगली.

बारीक फटी पडणारच. पहिल्या उन्हाळ्यात हात लावू नका, लाकडाला एक वर्ष हलून घेऊ द्या. दुसऱ्या एप्रिलमध्ये, फटी सगळ्यात रुंद असताना, खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची सुतारी लांबी (पुट्टी) पातळ पट्टीने भरा.

फेब्रुवारीपासून आपल्या डोंगरांवर गवत पेटवलं जातं आणि वारा असेल तर आग शेतापर्यंत येते. दिवाळीनंतर घराभोवती तीस फुटांची जाळरेषा काढा, गवत मुळापासून. फूटभर जाडीची भिंत चटकन पेटत नाही, पण वळचणीचे वासे पेटतात.

महिन्यातून एकदा संध्याकाळी विजेरी घेऊन जोत्याभोवती फेरी मारा. उजेड दगडावर तिरपा टाका. वाळवीची नळी पेन्सिलीएवढी असते, मातीच्याच रंगाची, समोरून उजेड पाडला तर दिसत नाही. सापडली तर खरवडून टाका, आणि ती जमिनीतून कुठून निघते ते शोधून तिथे औषध घाला.

आणि एखादं कांडकं कुजलंच तर घाबरायचं कारण नाही, भिंतीवर भार नाही. ड्रिलने त्यात जवळजवळ भोकं पाडा, पटाशीने तुकडे काढा, पोकळी झाडून तूस पुन्हा भरा आणि त्याच घेराचं नवं कांडकं माल लावून आत सरकवा. पश्चिमेच्या खिडकीखालचं एक आम्ही असंच बदललं, चहा होईपर्यंत काम झालं. त्यासाठी माळ्यावर बोरॅक्स लावलेली वीस कांडकी ठेवली आहेत, प्रत्येकावर खडूने घेर लिहून.